तार बदलली की आकाश?

हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "काल नवी अँटेना चढवली, आणि काय सांगू, जपान नुसता खणखणीत येत होता!" ऐकणारा मुरलेला असेल तर तो एवढंच विचारतो, "आणि आज?" पुढचं पुस्तक या दोन शब्दांच्या प्रश्नापायी तयार झालं आहे.

घरगुती प्रयोगाची साधी शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. शॉर्टवेव्हवर प्रयोग करणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याच्या प्रयोगाचा अर्धा भाग जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर असतो आणि तो भाग त्याला न विचारता दर तासाला, कधीकधी दर सेकंदाला बदलतो. डायपोल अँटेनेच्या तारेचं एक टोक पाण्याच्या टाकीवरून काढून शेजारच्या नारळाला बांधलं आणि संध्याकाळी इटली जोरात ऐकू आली, तर श्रेय कोणाचं? नारळाचं, की त्या संध्याकाळचं? हा प्रश्न न विचारता वर्षानुवर्षं या छंदात रमणारे अनेक आहेत, आणि ते सुखी आहेत. तो प्रश्न ज्यांना छळतो त्यांच्या वह्यांतल्या नोंदी इथे एकत्र केल्या आहेत.

आधी त्या वरच्या भागाबद्दल. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. त्यात थर आहेत. सर्वांत खालचा डी थर फक्त दिवसा असतो आणि तो लहरी परतवत नाही, गिळतो; लहर जितकी लांब तितकी जास्त गिळतो. सर्वांत वरचा एफ थर रात्रीही टिकतो, आणि लांबच्या संपर्काचा खरा आधार तोच. खालचा गिळणार, वरचा परतवणार, आणि दोघांचं बळ सूर्य ठरवणार. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, ज्याला 'कंडिशन्स' म्हणतात त्याचा मोठा भाग या ओढाताणीत येतो.

महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात बसून चाळीस मीटरचा बँड, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, दिवसभर ऐकला की हे सगळं पुस्तकाविना कळतं. सूर्य उगवल्यावर तास-दोन तासांत कोल्हापूर, नागपूर, गोवा, बेळगाव अशी मंडळी एकमेकांशी निवांत बोलताना सापडतात. त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन तशाच खाली येत असतात, म्हणून अँटेना फार उंच नसली तरी चालतं. किंबहुना या कामासाठी गच्चीच्या कठड्यापेक्षा थोडीच वर ताणलेली तार बरी. भर दुपारी डी थर जोरात असतो, आवाज मंदावतात, लांबचे तर नाहीसेच होतात. चार-साडेचारनंतर पूर्वेकडून अंधार यायला लागतो, तसे आधी इंडोनेशिया, जपानच्या बाजूचे सिग्नल डोकं वर काढतात. रात्र चढली की युरोप. आणि पहाटे, वरचा थर सर्वांत क्षीण झालेला असताना, सरळ वर गेलेली लहर परत येतच नाही, आरपार निघून जाते. तेव्हा पुण्याला सातारा ऐकू येत नाही आणि स्पेन येतो.

नवख्याला हे पटत नाही. वीस मीटरवर तर दिवसाढवळ्याही असंच घडतं: मुंबईहून रोमशी बोलणं सोपं आणि पुण्याशी अशक्य. जमिनीलगतची लहर सह्याद्रीपर्यंत पोहोचता पोहोचता दमते आणि आकाशातून परतलेली लहर पहिल्यांदा जमिनीला टेकते ती कित्येकशे किलोमीटर पलीकडे. मधला सगळा प्रदेश मुका. या मुक्या पट्ट्यात बसलेला माणूस आपला रेडिओ बिघडला असं समजून सोल्डरिंगचे सांधे तपासत बसतो. बिघाड शोधण्याआधी घड्याळ आणि बँड पाहावा, ही सवय लागायला वेळ लागतो.

शॉर्टवेव्हच्या या लहरी मुळात हौशी लोकांच्या वाट्याला आल्या त्या निरुपयोगी म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांची पक्की समजूत होती की लांब पल्ल्याला लांब लहरीच हव्यात. मार्कोनीने डिसेंबर १९०१मध्ये न्यूफाउंडलंडला कॉर्नवॉलचा सिग्नल ऐकल्याचं जाहीर केलं तेही मोठाल्या ट्रान्समीटरच्या जोरावर. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१२मध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर हाकललं. तिथे काय करायचं ते करा, फार लांब जाणार नाही, असा एकूण सूर होता. पुढे डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकन हौशी मंडळाने पॉल गॉडली याला रिसीव्हर देऊन स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसन गावच्या किनाऱ्यावर, तंबूत, थंडीवाऱ्यात बसून त्याने अटलांटिकपलीकडचे हौशी सिग्नल टिपले. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन देलुआने अमेरिकेतल्या फ्रेड श्नेलशी सुमारे शंभर मीटरवर दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. त्यानंतर सरकारं आणि कंपन्या याच निरुपयोगी लहरींवर तुटून पडल्या.

इथला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. परावर्तन करणारा थर वर असावा, हा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२मध्येच मांडला होता. त्याची उंची प्रत्यक्ष मोजली अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी, डिसेंबर १९२४मध्ये, बीबीसीचं बोर्नमथ केंद्र रोजचे कार्यक्रम संपल्यावर वापरून. म्हणजे थर मोजला जाण्याच्या वर्षभर आधी हौशी लोक त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडून बोलत होते. अ‍ॅपलटनना पुढे १९४७चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या संशोधकांनी तो वापरला. भारतीय हॅमच्या कपाटात त्या ग्रंथाला जागा असावी असं मला नेहमी वाटतं. सहसा तिथे चिनी रेडिओचे कॅटलॉग असतात.

आपल्याकडे चाळीस मीटरच्या पट्ट्याला आणखी एक इतिहास आहे. ऑगस्ट १९४२मध्ये 'छोडो भारत'ची हाक दिल्यावर मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. तो ज्या लहरीवर बोले ती होती ४२.३४ मीटर. भागाकार करून पाहिला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजच्या हॅमच्या चाळीस मीटर बँडच्या आतली जागा. ती यंत्रसामग्री उभारणाऱ्या नरिमन प्रिंटर यांना हौशी रेडिओचा अनुभव होता. संध्याकाळी डी थर विरला की हा पट्टा दूरवर जातो, हे अशा माणसाला वेगळं सांगावं लागलं नसेल.

सूर्याकडे वळू. त्याच्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात, हे जर्मनीतल्या हाइनरिश श्वाबे या औषधविक्रेत्याने वर्षानुवर्षं रोज दुर्बिणीला डोळा लावून शोधलं आणि १८४३च्या सुमारास मांडलं. तोही हौशीच. डाग जास्त तेव्हा वरचा थर भक्कम, आणि दहा-बारा-पंधरा मीटरसारखे वरचे बँड जिवंत. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालं आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्याने माथा गाठला. त्या काळात ज्यांनी परवाना मिळवला त्यांना वाटलं की पाच वॅटमध्ये दहा मीटरवर जग गाठणं ही रोजची गोष्ट आहे. २००९च्या आसपास ज्यांनी हाच बँड ऐकला त्यांच्या वह्यांत पानामागून पान कोरं आहे.

पण डाग वाढले म्हणजे सगळं छान, असंही नाही. सौरज्वाला भडकली की तिचे क्ष-किरण आठ-साडेआठ मिनिटांत पोहोचतात, पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूचा डी थर एकदम फुगतो आणि शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तास-दोन तास गप्प होते. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा लोट आला तर तो एक ते तीन दिवसांनी येऊन भूचुंबकीय वादळ उठवतो. मे २०२४मधल्या वादळात लडाखच्या हान्ले इथून आकाशात तांबडी झाक दिसली, तिची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. आपल्या हॅम मंडळींनी त्या रात्री वेगळंच टिपलं. महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. ध्रुवाजवळचा पट्टा वादळात सर्वांत जास्त खवळतो, म्हणून असं काही झालं की अमेरिका आधी बंद होते, आणि ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिका मागून, कधीकधी होतही नाही. नकाशावर वाट आखून मग सिग्नल का आला नाही याचा विचार करावा, तो यासाठी.

वादळांच्या बाबतीत मुंबईकडे जगात दुर्मीळ असा ऐवज आहे. सप्टेंबर १८५९च्या सुरुवातीचं महावादळ, ज्यात युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलं गेलं. माणसं चुंबकसूचीकडे डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होती. तिथे क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं दिसतं, आणि दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्या वादळाची ताकद ठरवताना हीच नोंद हाताशी धरली. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाचा मोजमापाला उपद्रव नको म्हणून चुंबकीय वेध विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवले. अलिबागला फिरायला जाणाऱ्या किती जणांना ती वेधशाळा ठाऊक असते कोण जाणे. शहराचा गोंगाट आणि नाजूक मोजमाप यांचं भांडण तेव्हापासूनचं आहे.

युरोप-अमेरिकेतली मार्गदर्शक पुस्तकं वाचून प्रयोग करणाऱ्याची इथे फसगत होते, कारण आपलं आकाश वेगळं आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. थुंब्याला रॉकेटतळ झाला तो त्याचमुळे. तिथे दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला उतरतात. त्यांची उत्तरेकडची रास साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर पडते. महाराष्ट्र या राशीच्या उतारावर बसला आहे. त्यामुळे आपल्याकडे वरचे बँड मध्यम चक्रातही उघडतात, जे लंडनवाल्याला दुर्मीळ. त्याची किंमत सूर्यास्तानंतर मोजावी लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास संध्याकाळी या थरात बुडबुड्यांसारखी विरळ पोकळी उठते आणि सिग्नल थरथरायला लागतात. बोलणारा माणूस पाण्याखालून बोलतो आहे असं वाटतं. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीवर काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनाही आयनांबराचा हा खोडकरपणा सोसावा लागतो.

मग वळीव आणि पावसाळा. एप्रिलच्या शेवटापासून ऐंशी आणि चाळीस मीटरवर विजांची कडकड सुरू होते; मराठवाड्यात कडाडलेली वीज कोकणातल्या हेडफोनमध्ये फुटते. या दिवसांत खालच्या बँडवर अँटेना तपासायचा हट्ट धरू नये. वीज जवळ असेल तर केबल काढून खिडकीबाहेर टाकावी, हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की कोणी ऐकत नाही, म्हणून पुन्हा सांगतो.

किनाऱ्यावरच्यांना वेगळी मेजवानी असते. अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर थंड दमट हवेवर पसरला की व्हीएचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हपेक्षाही आखूड, लहरी त्या सापटीत अडकून पृष्ठभागाला धरून कितीतरी लांब जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारवर हजाराहून अधिक मैलांवरचा अरबस्तानचा किनारा उमटला होता, आणि तो किस्सा रडारच्या पाठ्यपुस्तकांत गेला. मुंबईत उंच अँटेना लावून कराचीची दूरचित्रवाणी पाहणारे लोक होते, ते याच वाटेने. यात आयनांबराचा काही संबंध नाही. प्रकरण अगदी हवामानाचं.

तार आणि आकाश यांच्या जोडीला आता तिसरा भिडू आला आहे, तो म्हणजे गल्ली. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचे अडॅप्टर हे सगळे शॉर्टवेव्हवर खरखर ओकतात. सोसायटीत राहणाऱ्या हॅमला दूरचं स्टेशन ऐकू येत नाही ते बहुतेकदा पाचव्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी दिव्याच्या माळेमुळे. याची परीक्षा महावितरण फुकट करून देतं. अख्ख्या भागाची वीज जाते, रेडिओ बॅटरीवर चालू असतो आणि खरखरीचा पडदा एकदम खाली बसतो. आतापर्यंत नव्हतेच असं वाटणारे कुजबुजते सिग्नल वर येतात. लोडशेडिंगच्या तासांत केलेल्या नोंदी या पुस्तकात वेगळ्या खुणेने दिल्या आहेत. ज्यांनी त्या केल्या त्यांना आपल्या अँटेनेबद्दलची खरी माहिती त्या अंधारातच मिळाली.

आता मूळ प्रश्न: तार की आकाश? उत्तर शोधायला आधी आकड्यांची चाड बाळगावी लागते. रिसीव्हरवरचं एक 'एस' युनिट म्हणजे सहा डेसिबल, आणि सहा डेसिबल म्हणजे शक्ती चौपट. शंभर वॅटचे चारशे केले तर पलीकडच्या माणसाचा काटा जेमतेम एक घर सरकतो. आता आकाश पाहा. कुठल्याही संध्याकाळी युरोपचा एखादा सिग्नल लक्ष देऊन ऐकला तर तो मिनिटाभरात दोन-तीन घरं वर-खाली होताना दिसतो. म्हणजे महागड्या अ‍ॅम्प्लिफायरने जे मिळणार त्याच्या कितीतरी पट आकाश एका मिनिटात देतं आणि परत घेतं. "नव्या अँटेनेने दोन युनिटं वाढली" हे वाक्य त्यामुळे एका ऐकण्यावरून कोणी म्हटलं तर मी नम्रपणे मान हलवतो आणि वहीत लिहीत नाही.

मग करायचं काय? जुना, स्वस्त उपाय म्हणजे दोन अँटेना आणि मधे एक साधा स्विच. जुनी तार खाली उतरवायची नाही. पलीकडच्याला सांगून काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बदलत राहायचं आणि कोणती कुठली हे त्याला सांगायचं नाही. ज्यांनी हे प्रामाणिकपणे केलं त्यांच्या वाट्याला बरेचदा निराशा आली, आणि त्या निराशेच्या नोंदी मला या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात. एकाने लिहिलंय की चढवायला दोन दिवस लागलेली अँटेना चाळीस मीटरवर आधीच्या कपडे वाळत घालायच्या तारेशेजारच्या डायपोलपेक्षा मंद निघाली. कारणही त्याला सापडलं: नवी अँटेना आडव्या दूरच्या दिशेला चांगली होती आणि तो सकाळी धुळ्या-जळगावशी बोलत होता.

दुसरा आधार दीपस्तंभांचा, म्हणजे बीकनचा. जगभर विखुरलेली अठरा बीकन केंद्रं १४.१०० मेगाहर्ट्झवर आणि आणखी चार फ्रिक्वेन्सींवर पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. तीन मिनिटांत एक फेरी. प्रत्येक केंद्र आपलं नाव शंभर वॅटवर सांगतं आणि मग चार लांब ठोके देतं: शंभर, दहा, एक आणि शेवटी एक दशांश वॅट. कोणता ठोका ऐकू आला आणि कोणता बुडाला, एवढ्यावरून वाट किती उघडी आहे हे कळतं. या साखळीत भारतातलं केंद्र नाही. आपल्याला सर्वांत जवळचं श्रीलंकेचं. मोर्स थोडा येत असला तर यासारखा धडा दुसरा नाही, आणि ऐकायला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

तिसरा आधार संगणकाचा. नोबेल मिळवलेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर हेही हॅम. त्यांनी २००८मध्ये 'व्हिस्पर' नावाची पद्धत आणली. वॅटच्या पाचव्या हिश्शात दोन मिनिटं मंद गतीने आपलं नाव आणि ठिकाण पाठवायचं; जगभरचे रिसीव्हर ते आपोआप टिपून नोंद करतात. कानाला काहीच ऐकू येत नाही अशा खोल आवाजातून संगणक ते उकलतो. दोन तारांना दोन छोटे ट्रान्समीटर लावून एकाच वेळी पाठवलं की आकाश दोघांना सारखंच लागू होतं आणि उरतो तो तारांमधला फरक. २०१७मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणलेल्या 'एफटी-८'ने पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संपर्क होऊ लागले. जुन्यांची तक्रार आहे की यात माणूस उरत नाही. तक्रार खरी आहे. पण या पद्धतीने एक भ्रमही फोडला. "बँड बंद आहे" असं आपण जेव्हा म्हणत होतो, तेव्हा पुष्कळदा बँड उघडाच होता. सगळे ऐकत बसले होते आणि हाक कोणीच मारत नव्हतं.

यंत्रांबद्दल थोडकंच. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी साध्या, बाजारात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर बेतलेला 'बिटएक्स' हा ट्रान्सीव्हर मोकळेपणाने सगळ्यांना दिला आणि तो जगभर बांधला गेला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सुटे भाग घेऊन असा रेडिओ उभा करणं आजही शक्य आहे. या संग्रहातली निम्मी माणसं अशाच घरगुती रेडिओंवर काम करतात. डायपोलची लांबी काढायला १४३ला मेगाहर्ट्झने भागायचं, येतात ते मीटर, ७.१ला साधारण वीस मीटर. मग कापण्याआधी हातभर जास्त ठेवायची. बाकी तपशील पुढे आहेत.

भूकंप आणि चक्रीवादळांतली हॅमची कामगिरी हा विषय मी मुद्दाम लांबवलेला नाही; तो वर्तमानपत्रांत येतो. एवढंच नोंदवतो की डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात हौशी संपर्कमोहिमेसाठीच गेले होते, आणि त्याच रेडिओंवरून पुढे बेटांची खबर मुख्य भूमीला मिळत राहिली. अशा वेळी कोणत्या तासाला कोणत्या बँडवर चेन्नई मिळेल हे ठाऊक असावं लागतं, आणि ते ऐनवेळी शिकता येत नाही.

वाचणाऱ्याच्या सोयीसाठी दोन-तीन गोष्टी. नोंदींतल्या सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत. नोंद करणाऱ्याने शक्ती, तारेची उंची आणि त्या दिवसाचा सौर निर्देशांक लिहिला असेल तिथे तो दिला आहे. लिहिला नसेल तिथे मागाहून भरलेला नाही. एकाच संध्याकाळच्या दोन गावांतल्या नोंदी परस्परविरोधी असतील तर दोन्ही ठेवल्या आहेत. आणि "हाक मारली, उत्तर नाही" अशा ओळी गाळाव्यात, जागा वाचेल, असं सुचवण्यात आलं होतं. त्या गाळलेल्या नाहीत. चक्र आता उताराला लागलं आहे आणि पुढच्या काही वर्षांत दहा मीटरवर अशा ओळी वाढतील; तेव्हा तुलनेला आजच्या लागतील.